खालच्या मुलखातली माणसं

दिवाळीत आमच्या गल्लीतली सगळी पोरं मातीचे किल्ले करायची. कुणाचा पन्हाळा, कुणाचा रायगड, आणि मावळे इतके की पायथ्याला उभं राहायला जागा नाही. माझा दादा मात्र समुद्र करायचा. शिवाजी पेठेत समुद्र! तालमीतली पोरं जाता-येता म्हणायची, "ह्यो काय किल्ला हाय? पंचगंगेला पूर आलाय जनू." दादा मान वर करायचा नाही. हट्टाला आमच्या घरात कधी टंचाई नव्हती.

ही नव्वदीतली गोष्ट. समुद्र आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता. घाट उतरला की कोकण, पण उतरायला सवड लागते. आमचे वडील, आप्पा, इचलकरंजीला मागावर होते. सुट्टी मिळाली की ते झोपायचे. म्हणून दादानं स्वतःचाच किनारा काढला. रंकाळ्याकडची माती, परातीत निळीचं पाणी, काठाला मोहरी पेरून उगवलेलं रान. त्याला आम्ही 'खालचा मुलूख' म्हणायचो. तिथं लाटा सकाळी कामाला जायच्या आणि दिवेलागणीला घरी यायच्या. झाडांना मीठ लागायचं. मासे संध्याकाळी पाय मोकळे करायला वाळूत यायचे. दादा हे इतक्या गंभीरपणे सांगायचा की माशांना पाय कुठले, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

मग शेजारच्या काकूंचे मालक वारले. सायकल दुरुस्तीचं दुकान होतं त्यांचं, दादाचे फार लाड करायचे. त्या दिवाळीत दादानं त्यांना मातीचं करून किनाऱ्यावर बसवलं, शेजारी तारेची सायकल टेकवली. म्हणाला, हितली माणसं गेली की तिकडंच जातात. आता काकू भडकणार म्हणून आई घाबरली. काकू आल्या, वाकून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "टोपी न्हाय घातली व्हय रं? उघड्या डोक्यानं कधी भाईर पडलं न्हाईत ते." दादानं कागदाची टोपी करून घातली.

तेव्हापासून रीतच पडली. वर्षभरात गल्लीतलं कुणी गेलं की घरची माणसं दिवाळीत दादाकडं यायची, "आमच्या आबांस्नी सावलीत बसीव रं," "अम्मीजवळ पानाचा डबा ठेव." जुनी माणसंही दरवर्षी पुन्हा व्हायची. पन्हाळा बघायला कुणी येईना, आमच्या दारात मात्र बायका पदर सावरत ओणव्या.

पुढं एका वर्षी गणपती गेल्यावर आईला कावीळ झाली आणि ती गेली. मी तेव्हा पहिलीत होते. मला कुणी काय सांगितलं ते आठवत नाही, पण आई कुठं आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. दिवाळी आली की दिसेल. इतर बायका आपापली माणसं बघून जायच्या, तशी मीही बघणार होते. मी दिवस काढत होते ते त्याच्यावर.

दिवाळी आली, पण आमच्याकडं आकाशकंदील लागला नाही, तळणीची कढई चढली नाही. फराळ शेजारून आला. दादानं मातीला हात लावला नाही. वसुबारसेला काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. आप्पा म्हणाले, "औंदा न्हाय. घरात दुखवटा हाय."

"व्हय, बरोबर हाय की," काकू म्हणाल्या आणि तिथंच पायरीवर बसल्या. उठेनातच. शेवटी आप्पा दादाला म्हणाले, "कर जा. लोकांची मानसं कशाला अडवून ठेवायची?"

दोन दिवसांत किनारा उभा राहिला. सगळे आले, टोपी, सायकल, पानाचा डबा. मी परातीभोवती फिरून फिरून शोधलं. मिठाच्या झाडाखाली बघितलं, मोहरीच्या रानात बोटं घालून बघितलं. आई नव्हती. मी भोकाड पसरलं.

"तिला कुठं ठेवलीस?" आप्पांनी विचारलं.

"न्हाय केली."

"का?"

दादा दिवसातून दहा शब्द बोलायचा त्या काळात. तो म्हणाला, "तिला तिथं बसवली, की ती गेली."

आप्पा बाही सरकवून खाली बसले आणि मातीचा गोळा उचलला. मागावर तुटलेला धागा अंधारातही जोडणारे ते हात, पण मातीशी त्यांचं जमेना. झालं ते बाहुलं भोपळ्यासारखं होतं. त्यांनी ते पाण्याजवळ ठेवलं. दादानं ते उचलून फरशीवर आपटलं आणि ओरडला, "ही आई न्हवं!"

आता मार बसणार म्हणून मी रडायची थांबले. आप्पांनी हात उगारला नाही. ते चिखलाचे हात मांडीवर ठेवून म्हणाले, "नसू दे. माझ्यासाठी तर ऱ्हाऊ दे की रं."

आप्पांचंही कुणी गेलं होतं, हे आम्हा दोघांच्या तोवर ध्यानातच आलं नव्हतं. मग दादानं फरशीवरची माती खरवडून गोळा केली, पाणी लावून मळली आणि करायला बसला. खांदे केले, अंबाडा केला, पदर घेतला. शेवटी नाक केलं. ते अगदी तिचंच झालं, आणि आई गेली हे मला तेव्हा कळलं.