टीचरच्या कानाचा मान

वटारच्या ऑस्करकाका लोपीसांना थाप मारल्याशिवाय अन्न पचत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. अडचण तीच होती. सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे गावात कुणी फसेना. बायको जुलियाना लग्नाच्या पहिल्याच वर्षी शहाणी झालेली आणि दोन्ही मुली कॅनडात. त्यांना रविवारी फोनवर थाप मारावी, तर त्या 'बरं बरं' म्हणून मोकळ्या होत. त्यात काही मजा नव्हती.

म्हणून बोळिंजच्या एका संस्थेने परदेशी स्वयंसेवकांसाठी खेड्यातली घरं शोधायला घेतली, तेव्हा काकांनी सगळ्यांत आधी हात वर केला. ही मुलं-मुली थंडीचे महिने येत, शाळेत इंग्रजी शिकवत, वाडीत राबत आणि घरच्यासारखी राहत. जुलियानाला वाढायला कुणीतरी मिळालं, काकांना नवं गिऱ्हाईक मिळालं. संध्याकाळी घरात तिसऱ्या माणसाचा आवाज असतो हे किती बरं वाटतं, ते मात्र दोघं एकमेकांना बोलून दाखवत नसत.

यंदा दिवाळीनंतर मार्ता आली. पोलंडमधल्या बटाट्याच्या शेतकऱ्याची पोर. उंच, कष्टाळू आणि भलतीच सरळ. थोड्याच दिवसांत ती विहिरीवर कपडे आपटायला शिकली, सुक्या बोंबलाचा वास सोसायला शिकली आणि 'लग्न झालं का?' या प्रश्नाला न चिडता 'अजून नाही, काकी' असं उत्तर द्यायलाही शिकली. फक्त जेवताना तिचे हाल होत. ती 'नको' म्हणाली की जुलियाना आणखी वाढायची, कारण पाहुण्याचं पहिलं 'नको' आपल्याकडे धरायचंच नसतं. शेवटी मार्ता दोन्ही हात ताटावर आडवे घालून 'नको' म्हणायला लागली.

अशी पोर समोर असल्यावर काकांनी कळ तरी किती काढावी? पहिल्याच आठवड्यात त्यांनी दोन थापा ठोकून दिल्या. पहिली अशी, की केळीच्या बागेत शिरताना आपलं नाव सांगायचं. नवखं माणूस पाहिलं की केळी बिथरते आणि घड धरत नाही. दुसरी अशी, की आमच्याकडे लग्नात जेवणाआधी पाहुण्याने नवरदेवाच्या थोरल्या आत्याचा कान ओढायचा. त्याशिवाय संसार गोडीचा होत नाही. मार्ताने दोन्ही गोष्टी गंभीरपणे मान डोलवत ऐकून घेतल्या.

पहिली थाप लगेच फुटली. मार्ता रोज सकाळी केळींना 'नमस्कार, मी मार्ता' म्हणते, हे संस्थेत काम करणाऱ्या स्वप्नापर्यंत पोचलं. स्वप्ना मूळची सांगलीकडची. इथल्या जुन्या गावांच्या रीती तिला फारशा माहीत नव्हत्या, पण केळी बिथरत नाही एवढं तिला कळत होतं. शिवाय गेल्या वर्षीच्या जर्मन मुलाला काकांनी डोक्यावर नारळ ठेवून विहिरीचं पाणी काढायला लावलं होतं, तेही ती विसरली नव्हती. ती स्कूटरवरून थेट दारात आली.

"काका, ही पोरं आपलं घर सोडून विश्वासाने येतात. आणखी एक थाप मारलीत, तर तुमच्याकडे माणूस पाठवणं कायमचं बंद. मार्तालाही निर्मळला दुसऱ्या घरी हलवेन."

काकांचं तोंड एवढंसं झालं. स्वप्ना गेल्यावर जुलियाना एवढंच म्हणाली, "म्हणजे पुन्हा आपण दोघंच तोंडं बघत बसायची का?"

ते काकांच्या वर्मी लागलं. त्यांनी मार्ताची माफी मागितली आणि थापा बंद केल्या. मार्ता खळखळून हसली, केळींना नमस्कार मात्र करतच राहिली. या सगळ्या गडबडीत दुसऱ्या थापेची आठवण काकांना राहिली नाही, आणि मार्ता ती खरीच धरून बसली.

जानेवारीत फेबियनच्या स्टॅनीचं लग्न निघालं. स्टॅनीची थोरली आत्या म्हणजे सँड्रा टीचर. उभा जन्म गावच्या शाळेत शिकवलं, लग्न केलं नाही. खोटं बोललं, पाढा चुकला, नखं वाढली, की टीचर कान पिळत. गावातले निम्मे कान त्यांच्या हाताखालून गेलेले. आजही त्या रस्त्यात दिसल्या की नातवंडं असलेली माणसं विडी लपवून गल्ली बदलत. मांडवातसुद्धा त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

चर्चमध्ये लग्नाची मिस्सा झाली, मंडळी मांडवात आली, पंगतीची तयारी सुरू झाली आणि मार्ता साडी सावरत उठली. ती कुणाकडे चालली आहे हे दिसताच काकांना कानाची थाप आठवली. "मार्ता!" ते ओरडले, पण बँडवाल्यांनी नेमका तेव्हाच जोर धरला होता. मार्ता टीचरसमोर वाकली, 'संसार गोडीचा होवो' हे पाठ केलेलं वाक्य म्हणाली आणि टीचरचा उजवा कान धरून चांगला सणसणीत ओढला.

बँड थांबला. पाहुणी म्हणून आलेली स्वप्ना खुर्चीतून उठली आणि तिने काकांकडे पाहिलं. तिची धमकी सगळ्या गावाला माहीत होती. जुलियानाने डोळे मिटून क्रूसाची खूण केली.

तेवढ्यात नवरदेवाचा बाप फेबियन पुढे झाला. "हे काय? पहिला मान भावाचा असतो!" असं म्हणून त्याने सख्ख्या बहिणीपुढे उभं राहून हात पुढे केला.

"मग दुसरा मान शेजाऱ्याचा!" म्हणत भाजीच्या टेम्पोवाला जेम्स उठला. सतराच्या पाढ्यापायी त्याने लहानपणी फार सोसलं होतं. बघता बघता रांग लागली.

स्वप्नाला शंका आली. "टीचर, तुम्ही सांगा. खरंच अशी रीत आहे?"

टीचर आयुष्यात कधी खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांनी चष्मा सारखा केला. आधी पांढऱ्याफटक पडलेल्या ऑस्करकाकांकडे बघितलं, मग जुलियानाकडे, मग त्या लांबलचक रांगेकडे.

"आहे," टीचर म्हणाल्या. "फार जुनी आहे. पण ढकलाढकली चालणार नाही. आणि ज्याची नखं वाढलीत त्याने घरी जावं."

मग काय विचारता! कुणी जुना हिशोब चुकता केल्यासारखा कान ओढला, कुणी नुसतं बोट लावलं. जेम्सने ऐनवेळी कान सोडून टीचरचे पायच धरले. टीचरची जुनी विद्यार्थिनी एलिसा हिने कान ओढून झाल्यावर गुडघेदुखीची चौकशी केली आणि शेजारच्या खुर्चीवर बसून राहिली. स्वप्नानेही टीचरचा कान ओढला आणि काकांपाशी येऊन म्हणाली, "सॉरी काका. पुढच्या वर्षी तुमच्याकडे दोघांना पाठवते." जुलियाना पदराने डोळे पुसत हसत होती.

रांगेत सगळ्यांत शेवटी काका उभे राहिले. टीचरचा कान लालबुंद झाला होता.

"टीचर, चुकलो," ते हळूच म्हणाले. "माझ्यापायी तुम्हाला खोटं बोलावं लागलं. ही रीत इथेच बंद करायला सांगतो सगळ्यांना."

"खबरदार!" टीचर म्हणाल्या. "एलिसाच्या मुलाचं, सुमेधचं लग्न पुढच्याच महिन्यात आहे ना?"

"आहे. पण तुम्ही कुठे त्याच्या आत्या?"

"नसेन. तरी कान माझाच ओढायचा, असं सांग गावाला. काहीतरी थाप मार, येतं की तुला." टीचरनी चष्मा काढला आणि पदराला पुसला. "शाळा सोडल्यापासून इतकी माणसं माझ्याजवळ आली नव्हती रे, ऑस्कर."

काका टीचरसाठी पान वाढून आणायला गेले.