काढलेला फोटो

आप्पा कोणताही फोटो मधून पाहत नसत. आधी चार कोपरे, वरचे दोन, मग खालचे दोन, आणि शेवटी मध्ये काय आहे ते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत त्यांनी आयुष्यभर ओतीव भाग तपासले होते. "तडा कोपऱ्यातनं सुरू हुतोय," ते म्हणत. "मधलं काय, समद्यास्नी दिसतंय."

निवृत्तीनंतर ही नजर त्यांनी वेगळ्या कामाला लावली. कुणालाही भर घालता येते अशा एका खुल्या ज्ञानकोशात बेळगाव भागातल्या गावांची पाने होती. त्या पानांसाठी साजेसे फोटो निवडायचे काम आप्पांनी आपणहून घेतले. मी तेव्हा बेळगावच्या एका दैनिकात होतो आणि गावांची माहिती तपासायला त्यांच्याकडे जात असे. एका पानावर कुणीतरी पुढाऱ्याचा फ्लेक्स चढवला होता. "ह्ये गाव हाय का वाढदिवस?" म्हणत आप्पांनी तो उतरवला आणि तिथे गावची विहीर लावली.

बेळगावजवळच्या काकतीच्या पुढे असलेल्या स्वतःच्या गावासाठी त्यांनी तळ्याचा फोटो काढला आणि पानावर चढवला. त्याच्या उजव्या कोपऱ्यात गावाच्या नावाची पाटी आली होती. पेंटरने जुनी अक्षरे बुजवून तिला काळ्या रंगाचा पहिला हात दिला होता. नवी अक्षरे दुसऱ्या दिवशी यायची होती. पाटीखाली शिडी आणि रंगाचा डबा. कुणीतरी फोटोतून तेवढी काळी पाटी कापून घेतली आणि मोबाइलवर फिरवली: आमच्या भाषेला काळे फासले. तोच तुकडा दोन गटांनी फिरवला. एकाने मराठीला फासले म्हटले, दुसऱ्याने कन्नडला. पाटीवर अक्षरच नसल्याने दोघांचीही अडचण झाली नाही.

खातरजमा करायला मी दुपारी गावात पोहोचलो, तेव्हा आप्पांच्या दारात गर्दी होती. बाहेरून आलेल्या तरुणांनी मोटरसायकली बंदही केल्या नव्हत्या. पंचायतीचे एक मेंबर पुढे झाले.

"आप्पा, त्यो फोटो काढा."

"काढलाय म्हणूनच आलाय न्हवं तुमी?"

"चेष्टा नको ओ. उडवा तिथनं. लई तापलंय. दगड पडला तर कोण बघणार?"

"उडवतो की. मग त्यो कापल्याला तुकडा उडतोय काय? त्यो ऱ्हातोयच. शिडी तेवढी जाती."

"म्हातारा विकला गेलाय!" मागून कुणीतरी ओरडले. आप्पांच्या सुनेने आतून कडी लावली. आप्पा बाहेरच राहिले.

त्यांनी हातातला लॅपटॉप कट्ट्यावर ठेवला, मूळ फोटो मोठा केला आणि कोपऱ्यातल्या शिडीवर बोट ठेवले. शेजारच्या आक्का वाकून पाहू लागल्या.

"आगं बया, ही आमची शिडी! पेंटरनं न्हेलीया, अजून आणून दिली न्हाय."

कुणी हसले नाही. मोडक्या पायरीला आक्कांनी बांधलेली निळी दोरी फोटोत स्पष्ट दिसत होती. पुढच्या माणसांनी वाकून पाहिले, मग मागच्यांनी. एक मोटरसायकल बंद झाली. थोड्या वेळाने दुसरी.

सगळे पांगल्यावर मी विचारले, फोटो चढवताना हा कोपरा पाहिला नव्हता का?

"बघितलो की. शिडी हाय म्हणूनच ठेवलो." त्यांनी लॅपटॉप मिटला. "कोण कातरील, ते बघितलो न्हाय."

त्याच संध्याकाळी त्यांनी फोटोखाली ओळ घातली: 'पाटी रंगवण्याचे काम चालू असताना. शिडी गावातलीच.'

आप्पा जाऊन दोन वर्षे झाली. गावच्या पाटीवर आता अक्षरे आहेत. फोटोतली पाटी काळीच आहे. वातावरण तापले की तो तुकडा पुन्हा मोबाइलवर येतो आणि फोटोखालची ओळ कुणीतरी उडवतो. आप्पा होते तोवर ते ती परत घालत. गेल्या आठवड्यात ती पुन्हा उडाली. मी आधी चारी कोपरे पाहिले. शिडी जागेवर होती. मग ओळ परत घातली.