मळी

माझ्या बायकोचं गाणं मीच मोडलं. दुसऱ्या कुणावर ढकललं तर ते खोटं होईल.

बहात्तरच्या दुष्काळाआधी आम्ही दोघं मांडवगण फराट्याला एका गुऱ्हाळावर कामाला होतो. मी जाळव्या, म्हणजे चुलवाणात चिपाडं घालून जाळ राखणारा. उसाचा रस काहिलीत उकळायला लागला की त्यात भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी टाकतात, मग सगळी घाण काळ्या फेसासारखी वर येते. ती मळी. भेंडीचं पाणी बायको करून द्यायची आणि झाऱ्यानं काढलेली मळी उचलून लांब टाकायची. जाळ कमी पडला तर मळी सुटत नाही, गूळ काळा पडतो. त्यावरून मी पुष्कळ शिव्या खाल्ल्या आहेत.

दुष्काळात ऊस वाळला, गुऱ्हाळ बसलं. आम्ही खडी फोडायला गेलो. तिथं आमची चार वर्षांची पोर हगवणीनं गेली. एकच होती. मी देवाला नाही नाही ते बोललो आणि प्रार्थना सोडून दिली. बायको सोडेना. डालड्याचा डबा, कळकाची काठी आणि सायकलच्या ब्रेकच्या तारेतला एक पदर, असं तुणतुणं मी पोरीला खेळायला केलं होतं. ते तिनं खाली काढलं. दिवसभर खडी फोडून आली की ते वाजवत गाणं जुळवायची.

घाल देवा काहिलीत, जाळ काढू नको,
मळी येऊ दे वर, मधी सोडू नको.

पुढं आणखी दोन कडवी होती. शेवटचं पोरीचं होतं. मला त्या आवाजाची चीड यायची. मी उठून बाहेर जायचो.

पाऊसपाणी झाल्यावर आम्ही दौंडला आलो. मला स्टेशनावर हमाली मिळाली. तिथल्या ख्रिस्ती मंडळीत रेल्वेतले लोक, इस्त्रीचे कपडे, बाजाची पेटी. आपणही त्यांच्यातले दिसावं असं मला फार वाटायचं, म्हणून मी पुन्हा देवळात जायला लागलो. खरं कारण तेवढंच. नाताळात बायकोनं तिचं गाणं म्हणायचं ठरलं. सरावाला पाळकांनी ते ऐकलं.

"बाई, शास्त्रात अग्नीनं पारखलेलं सोनं आहे. गूळ कुठून आला?"

"गुऱ्हाळातनं," ती म्हणाली. बाया फिसकन हसल्या.

"पण मळी हा शब्द देवळात बरा दिसतो का?"

"मळी काढली न्हाई तर त्यो गूळ तुमी खाल का, पाळकसाहेब? आन् सोनं वितळताना आमच्यातल्या कुणी बघितलंय? गळ्यात दोन मणी व्हते, ते बी दुष्काळात मोडून खाल्ले."

पाळक माझ्याकडं बघायला लागले. पेटीवाला पण.

"म्हण की सोनं," मी म्हणालो. "काय फरक पडतोय?"

ती माझ्याकडं वळली. "अवं, पोर गेली तवा तुमच्या तोंडातनं जे निघालं ते सोनं व्हतं व्हय? मळीच व्हती ती. मी तुमच्यासाठी बी मागितलंय ह्यात."

"गप बस," मी सगळ्यांसमोर ओरडलो.

ती गप बसली. नाताळात मंडळीनं पेटीवर सोन्याचं गाणं म्हटलं, चाल तिचीच. ती ओळीत तोंड मिटून उभी होती. घरी म्हणायची, पण माझी पावलं वाजली की तुणतुणं बंद व्हायचं. मी कधी म्हटलं नाही, की म्हण गं, मी बसतो ऐकत. एवढंही मला सुचलं नाही.

पुढं तीन-चार वर्षांत ती काविळीनं गेली. मातीच्या वेळी लोकांनी तेच सोन्याचं गाणं धरलं. बाईंचं आवडतं, असं कुणीतरी म्हणालं. माझं डोकं फिरलं.

"थांबा. ह्ये तिचं न्हाई."

पाळक माणूस वाईट नव्हते. ते म्हणाले, "मग तुम्ही सांगा, मामा. आम्ही मागून म्हणतो."

मी दोन ओळी म्हटल्या. काहिल, जाळ, मळी, सगळं. लोकांनी मागून म्हटल्या, पाळकांनीही. मग सगळे पुढच्या ओळीसाठी थांबले. मला येईना. पोरीचं कडवं आठवेना, मधलंही आठवेना. मी ऐकलंच कुठं होतं? लोक उभे, मी उभा, खड्ड्यात ती.

"त्याच दोन पुन्हा म्हणू या," पाळक हळूच म्हणाले.

मी नको म्हणालो आणि माती लोटली.

त्या दिवसापासून मी रोज प्रार्थनेला बसतो आणि रोज भांडून उठतो. देवाला सांगतो, बाकी काही देऊ नको, पोरीच्या कडव्याची पहिली ओळ तेवढी दे, माझी बायको तुझ्याजवळच आहे, विचार तिला. अजून देत नाही.