कोतवालभाऊंची मुनादी

बातमी पसरवणारी माणसं गावोगाव पैशाला पासरी मिळतील. पण बातमी घरपोच देऊन, ती नीट समजली की नाही हे दुसऱ्या दिवशी येऊन तपासणारा माणूस देवानं एकच केला, आणि तो नेमका माझ्या झेरॉक्सच्या दुकानाशेजारी ठेवला. कोतवालकी सुटून कोतवालभाऊंना कितीतरी वर्षं झाली होती, सरकारी डफडं नव्या कोतवालाकडे गेलं होतं, तरी हा गृहस्थ गोडेतेलाचा रिकामा पिपा गळ्यात अडकवून मुनादी, म्हणजे दवंडी, द्यायचाच. आवाज असा की चामोर्शीच्या रस्त्यावर ते 'ऐका हो ऐका' म्हणाले की चालती बैलगाडी थांबायची. मग चौकात ऐकलेलं आपण परत म्हणून दाखवायचं. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. ग्रामसभेची तारीख चुकीची सांगितली म्हणून त्यांनी एकदा सरपंचालाच दुकानासमोर उभं करून तीनदा म्हणायला लावलं होतं.

सूरजागडच्या लोहखाणीकडून येणाऱ्या ट्रकांनी रस्ता भरून वाहायला लागला आणि रस्ता रुंद होणार असं ठरलं, तेव्हा कोतवालभाऊंच्या अंगात पुन्हा वारं शिरलं. लोकांना कळावं म्हणून भोंगा लावलेला ऑटो गावातून फिरत होता, पण तो यांच्या पसंतीला उतरला नाही. "भोंगा बोलते, पन लोकायचं आयकते काय?" असं म्हणून ते रोज सकाळी माझ्याकडे यायचे, झेरॉक्सला नवीन सरकारी कागद काय आला ते मला मोठ्यानं वाचायला लावायचे आणि शब्दन् शब्द पाठ करून निघायचे. चष्मा घरी राहिला म्हणायचे. मी त्यांना उभ्या जन्मात चष्म्यात पाहिलेलं नाही.

कागदात मीटर असायचे आणि मीटर कोणाला कळत नव्हते, म्हणून त्यांनी त्याची पावलं केली. रस्त्याच्या मधोमध उभं राहायचं, येणाऱ्या ट्रकला हातानं थांबवायचं, आणि मोजत मोजत थेट लोकांच्या घरात शिरायचं. अंगण, पडवीसारखी छपरी, माजघर, जिथं मोजणी संपेल तिथं थांबून "इथवर" म्हणायचं. एका घरी नवा जावई जेवायला बसला होता. हे मोजत आत आले, त्याच्या पाटापाशी येऊन थांबले आणि गंभीरपणे म्हणाले, "जावईबापू, तुमचं ताट रोडात येऊन राह्यलं." बिचारा ताट उचलून आतल्या खोलीत गेला. हसून हसून आमची पुरेवाट झाली. पण एक सांगतो, त्या घराचं सामान सगळ्यांत आधी सुखरूप मागे गेलं.

मग एक दिवस घरमालकांची शेवटची यादी आली. मी वाचत होतो, भाऊ डोळे मिटून पाठ करत होते. मध्येच त्यांचंच नाव आलं. छपरी आणि पुढची खोली. पुढच्या सोमवारपर्यंत जागा मोकळी करायची. मी थांबलो. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"पुढं वाच, बाबू."

वाचलं. त्या दिवशी त्यांनी गावभर मुनादी दिली, फक्त स्वतःचं दार सोडून. तो त्यांचा नोकरीपासूनचा शिरस्ता होता. कोतवालानं आपल्या दारात मुनादी द्यायची नाही, घरच्यांना काय सांगायचं, ते घरचेच. त्यामुळे पावलंही त्यांनी स्वतःच्या घराकडे कधी टाकली नव्हती. आणि इकडे कोतवालीणबाई छपरीवर नवीन कवेलू, म्हणजे कौलं, चढवायच्या तयारीत! आयुष्यभर सारवलेली ती छपरी. पोरीचं लग्न तिथंच लागलं, दुपारी बाया तिथंच लाखोळीची डाळ निवडायला बसायच्या. आणलेले कवेलू बाई एकेक पुसून रचत होत्या, आणि ते बघून माझा जीव तुटत होता. मी भाऊंना सांगा म्हणून रोज टोकायचो, आणि त्यांची रोज नवी सबब: आज तिचा उपास आहे, उद्या पाहुणे आहेत, परवा ती जेवून राहिली होती. भिंतीवर मोजणीवाल्यांनी केलेली लाल खूण दिसू नये म्हणून या माणसानं आपली खाट तिथं उभी टेकवून ठेवली आणि आठ दिवस जमिनीवर झोपला. शेवटी मी चिडून म्हणालो, तुम्ही नाही सांगत तर मी सांगतो. तर माझे हात धरले हो त्यांनी.

शनिवारी सकाळी मी दुकान उघडत होतो. बाई घरातून छपरीत आल्या, खाट बाजूला केली आणि खुणेपाशी उभ्या राहिल्या. भाऊ पिपा घेऊन निघालेच होते.

"साऱ्या गावाले सांगतलं," बाई म्हणाल्या, "मले कोनं सांगाचं? जा रोडावर. मले बी तसंच सांगा."

ते रस्त्यावर गेले. मधोमध उभे राहिले. पिप्यावर काठी मारली, पण ती लागल्यासारखी वाजली नाही. मग पावलं मोजत आले, अंगण, छपरी, पुढच्या खोलीच्या आत, आणि थांबले. "ऐका हो ऐका," ते म्हणाले. "या घरच्या बाईले कळवन्यात येते का, छपरी अन् पुढची खोली रोडात जाऊन राह्यली. सोमवारच्या आत सामान काढाचं."

बाईंनी पदर खोचला आणि शिडी आणायला सांगितली.

मशीन यायच्या आत छपरी आपल्या हातानं उतरवायची असं त्यांनीच ठरवलं. भाऊ शिडीवर, मध्ये मी, खाली बाई. एकेक कवेलू हातोहात खाली येत होता. थोड्या वेळानं बाई मला म्हणाल्या, "छपरी गेली त्याचं एवढं नाई, बाबू. पन आठ दिवस हा मानूस माह्याशी बोलला नाई. ते लय लागलं."

शिडीवरचे हात थांबले. भाऊ सावकाश खाली उतरले, बाईंच्या जवळ गेले आणि वाकून काहीतरी सांगू लागले. ज्या माणसाचा आवाज मी जन्मभर गावाच्या वेशीपर्यंत ऐकला, तो मला तीन हातांवरून ऐकू येईना. ट्रक जात होते. काय बोलले ते अजून मला माहीत नाही. पण बाई ऐकत होत्या, आणि ऐकता ऐकता त्यांनी भाऊंच्या खांद्यावरची कवेलूची धूळ झटकली.