चेनवरून फिरणारा हात

"डीएनए बाहेरून सगळीकडे सारखाच, तर त्याले धरणाऱ्या प्रथिनाले कसं समजते, कुठं थांबाचं?" हे मी दादाला विचारलं होतं. उत्तर त्याला माहीत नव्हतं, अन् त्याच्या कॉलेजात कोणालाच नाही.

दादा जाऊन दोन महिने झाले. माझ्या सायकलच्या दुकानात जो येतो, तो त्याचा एखादा किस्सा ठेवून जातो. एक पंक्चर निघेपर्यंत दोन किस्से होतात. मी हसतो, अन् मग पंप शोधायला आत जातो.

*

दादा अमरावतीच्या कॉलेजात शिकवायचा. मी सातवी नापास. सदुसष्ट साली एकदा दुकानात येऊन त्याने दोन जुन्या चेन अन् चाळीस स्पोक मागितले.

"काहून, सायकल बनवून राहिला का?"

"नाही, माणूस."

त्याला डीएनएचं मॉडेल करायचं होतं. चेन म्हणजे बाहेरचा कणा, मधले रंगीत स्पोक म्हणजे पायऱ्या. जोडलं मीच, अन् जोडता जोडताच तो थांबायचा प्रश्न विचारला. चेन एकच निघाली. दुसरी मी दुरुस्तीला आलेल्या सायकलची काढून दिली. मालक आला तेव्हा म्हटलं, "काका, तुमची चेन कॉलेजात गेली."

*

कण्यावर ऋण भार असतो, म्हणून धन भाराची प्रथिनं त्याला चिकटतात, असं दादा वर्गात सांगत होता. अकोटचा एक पोरगा म्हणाला, "म्हणजे सर, धोतराले कुसळ चिकटते तसं."

"कुसळ कोणाच्याही धोतराले चिकटते. मले फक्त जावयाचं धोतर ओळखणारं कुसळ पाहिजे."

*

मग त्याने खेळ काढला. हात म्हणजे प्रथिन. डोळे मिटायचे, नुसत्या चेनवरून बोट फिरवायचं, अन् आत लाल स्पोक कुठे ते सांगायचं. कोणालाच जमेना. विभागप्रमुख डोकावले, तर सगळा वर्ग डोळे मिटून बसलेला, हात काळे.

"प्रार्थना चालू आहे का?"

"नाही सर, ओळखपरेड," दादा म्हणाला.

त्या दिवशी दादा घरी जेवायला बसला, तर वहिनीने ताट मागे ओढलं. "प्रथिनाले म्हणा, आधी हात धू."

*

पुढच्याच वर्षी छातीच्या दुखण्याने दादा दवाखान्यात पडला. मॉडेल तिथे मागवून घेतलं. आठ दिवस पडल्या पडल्या चेन चाचपत राहिला. नवव्या दिवशी बोट थांबलं.

"गजा, इथं लाल हाये."

होता.

"चेन इथं जराशी वळते. खरं सांग, काय केलं तू?"

सांगावंच लागलं. स्पोक कमी पडले होते, म्हणून लाल तेवढे दुसऱ्या मापाचे टाकले, किंचित आखूड.

दादा खोकला येईपर्यंत हसला. "म्हणजे आतलं बाहेर समजते, गजा! खऱ्या डीएनएतबी असंच असंल का?"

ते शोधायला तो उरला नाही.

*

तेराव्यानंतर कॉलेजचा शिपाई मॉडेल घेऊन दुकानात आला. "विभागप्रमुख साहेब म्हणतात, एका जागी वाकडं हाये. कॉलेजात प्रदर्शन हाये, त्याच्या आधी सरळ करून द्या."

मी दोन्ही चेन रॉकेलने धुतल्या, तेल घातलं, उडालेला रंग पुन्हा दिला. वाक होता तसाच ठेवला, अन् मॉडेल कॅरिअरला बांधून स्वतः पोचवून आलो.