गफूर गवंड्याचे सात ओळंबे

गफूर गवंडी येतो की नाही, ही काळजी लंकाबाईच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हती. लेक इंद्रायणी पहिल्या बाळंतपणाला जुन्नरला माहेरी आली होती. आठवा सरत आला होता, आणि बाळंतिणीसाठी ठेवलेल्या खोलीच्या भिंतीला फुगवटा धरला होता. प्लेगाच्या साली सगळी पेठ रानात झोपड्या घालून राहिली, तेव्हा बंद घरात पाणी मुरलं. ते आता पाच वर्षांनी दिसू लागलं होतं.

गफूर आलाच नव्हता असं नाही. बैल पारखणाऱ्यासारखा त्यानं भिंतीवरून हात फिरवला. वर वाशाला खिळा ठोकून दोरीनं ओळंबा, भिंतीची सरळी बघायचं लोखंडी वजन, खाली सोडला. दोरी आणि भिंत यांच्यामध्ये दोन बोटं घालून पाहिली.

"उद्या येतो, काकी."

त्या उद्याला आता अकरा दिवस झाले होते. गावात त्याला 'उद्याचा गफूर' म्हणत. पण त्यानं हात लावलेली भिंत पडल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. इतका चुकार माणूस आणि काम इतकं पक्कं, हे लंकाबाईला उलगडेना. शेवटी ती उठली आणि चौकशीला निघाली.

गल्लीच्या टोकाला कुशाबाईच्या ओसरीवर तसाच ओळंबा लोंबत होता.

"अगं, तुझ्याकडंबी?"

"इसार म्हणून ठिवलाय त्यानं. हत्यार हितं म्हणल्यावर माणूस जातोय कुठं?"

"मग माझ्याकडं काय ठिवलंय?"

कुशाबाई पदर तोंडाला लावून हसत सुटली. "म्हंजी सवतीच झालो की आपण!"

लंकाबाई तशीच गफूरच्या घरी गेली. त्याची बायको ताजबी दारात तांदूळ निवडत होती.

"घरात हंडे दोन अन् ओळंबे सात," ती म्हणाली. "चार पैसे आले की लोहाराकडं पळतो. आत्ताबी घरोघर भिंती बघत फिरतोय."

"नुसत्या बघतो? बांधतो कवा?"

"आधी बघतो. आला की सांगते, उद्या पाठवते."

"उद्या नगं गं बाई, आज पाठव!"

दिवस कलताना गफूर आला. खोलीत पाऊल टाकलं, वर पाहिलं आणि जागीच थांबला.

"ओळंबा कुठंय, काकी?"

"त्यो व्हय? पोरीच्या कपाळाला लागत व्हता. परवा खिळ्यासकट उपटला अन् खुंटीला टांगला. जपून ठिवलाय तुमचा."

गफूरनं वाशातल्या खिळ्याच्या भोकाकडं बोट दाखवलं. "मोजणी गेली की. पयल्यापासनं आलं सगळं."

गफूरनं समजावलं, तेव्हा कुठे लंकाबाईला कळलं. दोरी आणि भिंत यांच्यामधली दोन बोटं पंधरा दिवसांत कमी झाली, तर भिंत अजून सरकतेय, ती उतरवावीच लागते. तेवढीच राहिली, तर भिंत थांबली, डागडुजी पुरते. तोवर ओळंबा जागेवर आहे ना, हे तो रोज एकेका घरी बाहेरूनच डोकावून बघे. एका वेळी सात घरांच्या भिंती, म्हणून ओळंबे सात.

"तुमचं वडील तर नुसतं बघून सांगायचं."

"सांगायचं," गफूर म्हणाला. "पिंपळवंडीत एका भिंतीला म्हणलं, धा वर्सं हलत न्हाई. चौथ्या दिशी ती पडली. घरधनी जन्माचा लंगडा झाला. बाबांनी पुन्हा थापी हातात धरली न्हाई. मी डोळ्यानं सांगत न्हाई, काकी."

"मग तोंडानं सांगायला काय झालं व्हतं? उद्या उद्या कशापायी?"

"पंधरा दिस थांबा म्हणलं की लोक दुसरा गवंडी आणत्यात. उद्या म्हणलं की थांबत्यात."

लंकाबाईला हसावं की ओरडावं कळेना. पंधरा दिवस पुन्हा मोजणी. भिंत सरकती निघाली तर उतरवायला-बांधायला महिना. तोवर पोर मोकळी होणार. घरात दुसरी जागा म्हणजे एक माजघर. तिथे देव्हारा. देवापुढं बाळंतीण ठेवायची, दहा दिवसांचं सोयर असताना? सासूबाई असत्या तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं.

तिनं फुगवट्यावर तळहात टेकवला. भिंत गार होती, मुकाट होती. सरकतेय की थांबलीय, हाताला काहीच सांगत नव्हती. एवढा वेळ गफूर कशापायी घेतो, ते तिला त्या हातानं पटलं.

"गफूरभाऊ, मारा खिळा," ती म्हणाली. "आता कुणी हात लावणार न्हाई."

"अन् पोरगी?"

"पोरगी माजघरात. देव हितं येत्याल."

गफूर चपापला. "काकी, भिंत पडली तर?"

"देवाला उचलून दुसरीकडं ठिवता येतं. वल्या बाळंतिणीला उचलून कुठं न्यायची?"

लंकाबाई अंगावर पाणी घेऊन आली, देवांचे टाक ताम्हनात काढले आणि आतल्या दाराकडे वळून हाक मारली, "इंद्रे, तुझं अंथरूण घे गं माजघरात."