पाहुण्यांनी सर्व्हिस विचारली

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. कारण हा गाढवपणा माझा मी केलाय, आणि तोही मुलगी बघायच्या कार्यक्रमात, पोह्यांची बशी हातात धरून!

मी शिक्रापूरला एका कंपनीत स्टोअरला. परमनंट. खोलीवर एक जुना कॉम्प्युटर आणि त्याच्याशी खटपटी करायचा नाद. त्या दिवशी सकाळीच मोठा पराक्रम केला होता. इंटरनेटवर आपली ओळख झाकणारं एक सॉफ्टवेअर असतं, त्याला राउटर म्हणतात. आपला निरोप तीन-चार अनोळखी कॉम्प्युटरांच्या हातून फिरून जातो, म्हणून कुणी पाठवला ते कळत नाही. बदल्यात आपला कॉम्प्युटरही दुसऱ्यांचे निरोप पुढं पोचवतो. माझ्याकडं त्यासाठी एक काळी खिडकी सतत उघडी ठेवावी लागायची. चुकून बंद केली की खेळ खलास. ते मी त्या दिवशी बॅकग्राउंडला टाकलं, म्हणजे खिडकी नसली तरी आतल्या आत चालू. कॉम्प्युटरच्या भाषेत याला म्हणतात सर्व्हिस.

आणि आपल्याकडं सर्व्हिस म्हणजे काय? नोकरी! शेंबडं पोरही सांगेल. पण मी त्या दिवशी जमिनीवर होतो कुठं?

कुरकुंभजवळच्या त्या गावात आम्ही दोघं पोचलो, मी आणि माझे मामा. जय भीम झालं, पाणी झालं. मग वैशाली पोहे घेऊन आली. तिनं एकदाच वर बघितलं, बशा देऊन आत गेली, आणि खरं सांगतो, मला ती फार आवडली. हे स्थळ जमायलाच पाहिजे, एवढंच डोक्यात.

मामा कौतुकानं म्हणाले, "पोराला कॉम्प्युटरचं लई येड हाय बरं का!"

"बरं हाय की," वैशालीचे वडील म्हणाले. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. "मग, सर्व्हिस कशी काय चाललीय?"

आता विषय कॉम्प्युटरचाच चालला होता ना? मी खुललो!

"एकदम झकास, आप्पा! आजपासून बॅकग्राउंडला. कुणाला दिसतच नाही."

आप्पांचा चहा बशीतच राहिला. "दिसत न्हाई? म्हंजी जावं लागत न्हाई?"

"छे! मी झोपलो तरी चालू."

"आन् सायबाला म्हाईत हाय का?"

"कुणालाच नाही! नाव, गाव, काही कळत नाही. तीच तर गंमत."

मामांनी मला कोपरानं ढोसलं. मला वाटलं, शाब्बासकी.

"पर काम काय असतंय?"

"एकाकडनं घ्यायचं, दुसऱ्याला द्यायचं. आत काय हाय ते बघायचं न्हाई."

"ती मानसं कोन?"

"मलाबी म्हाईत नसतं. जगात कुठलीबी असतील!"

आप्पांनी उठून दार लोटून घेतलं. हळूच म्हणाले, "आन् पोलीस आलं तर?"

"येऊ द्या की! त्यांना काय सापडणार?"

मामा घाम पुसत ओरडले, "अवो, तसं काय न्हाई! स्टोअरला हाय त्यो, स्टोअरला!"

"म्हंजी माल स्टोअरमधनंच जातोय व्हय?"

तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. आप्पा नोकरीचं विचारत होते! मी पोह्यांची बशी खाली ठेवली. गेलं स्थळ, मी मनात म्हटलं. असं वाईट वाटलं म्हणून सांगू!

तेवढ्यात आतून खुदकन हसू आलं. वैशाली बाहेर आली. तिचा दौंडच्या कॉलेजात कॉम्प्युटरचाच कोर्स झालेला.

"आप्पा, नोकरीचं न्हाई, ते कॉम्प्युटरमधल्या सर्व्हिसचं सांगत्यात," असं म्हणून तिनं सगळं नीट समजावलं. आप्पा खाली बसले. माझ्या जिवात जीव आला.

मग ती माझ्याकडं वळली. "पण ऑटोमॅटिकवर ठेवलीय ना? का मॅन्युअलवर?"

"मॅन्युअल," मी म्हणालो.

"मग सकाळपासनं कॉम्प्युटर बंद-चालू झाला असंल, तर ती आपोआप सुरू झालीच नसंल."

मी कपाळावर हात मारला. निघायच्या आधी शिक्रापूरची लाइट जाऊन आली होती, आणि कॉम्प्युटर मीच परत चालू करून आलो होतो. म्हणजे जिचे एवढे गोडवे गायले, ती बया केव्हाची बंद!

लग्न झालं, तिनं होकार दिला म्हणून. पण आप्पा अजून घरी येईल त्याला माझी ओळख करून देतात, "हे आमचं जावई. सर्व्हिसला हायेत. आता ती चालू हाय का बंद, ते मातर आमच्या वैशालीला इचारा. त्यांचं त्यांना म्हाईत नसतंय!"